सुट्टी संपली, पोरं शाळेत गेली, पण मार्चमधली अर्धवट कथा काही हाती लागत नाहीये

रानकाजवा
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मी कथा लिहिते, दरवर्षी एखाद्या तरी दिवाळी अंकात असते, बाकी पोटापाण्यासाठी भाषांतरं. यंदा एका संपादकांनी फेब्रुवारीतच कथा मागितली, जुलैअखेर द्यायचीय. मार्चमध्ये झपाट्याने १४ पानं झाली, मग पोरांच्या परीक्षा आल्या आणि मग सुट्टी.

आणि सुट्टी काय झाली म्हणून सांगू! नवऱ्याने रजा साठवून ठेवली होती, आम्ही दोघं, ९ आणि ६ वर्षांची दोन पोरं आणि सासूबाई असे पाच जण मनसोक्त भटकलो. दापोलीला नातेवाइकांकडे मुक्काम, हर्णैहून होडीने सुवर्णदुर्ग, मग दाभोळला गाडी फेरीबोटीत चढवून वाशिष्ठी ओलांडली आणि धोपाव्याहून गुहागर. मेअखेरीस भंडारदरा. पहाटे तीनला बारी गावातून कळसूबाई चढायला सुरुवात केली, धाकटी पहिल्या शिडीलाच रडायला लागली आणि सासूबाई, वय वर्षं ६६, पदर खोचून तिच्यापुढे शिडी चढायला लागल्या की ती बघत बघत मागून. तिथूनच पुरुषवाडीला काजवे बघायला गेलो. हिरडा-बेहड्याची अख्खी झाडं एका लयीत उजळायची आणि विझायची, पोरं एक शब्द बोलली नाहीत, जे आमच्या घरात कधी होत नाही.

आता शाळा सुरू होऊन दहा दिवस झाले. व्हॅन सव्वासातला जाते, घर शांत, चहा घेऊन बसते, फाइल उघडते, १४ पानं वाचते आणि पंधरावं पान येतच नाही. कथा गाव सोडून मुलाकडे शहरात आलेल्या आजीची आहे. मार्चमध्ये ती माझ्याशी बोलत होती, आता परक्या कुणीतरी लिहिल्यासारखी वाटतेय. तुम्ही लोक मोठ्या खंडानंतर परत कसे शिरता? दुसरी कथा सुरू करू का? फार घाबरायला झालंय.

शाईची_दौत
माझा अनुभव सांगते. स्क्रीनवर नुसतं वाचून आत शिरता येत नाही. वही घे आणि पहिली चार-पाच पानं हाताने उतरवून काढ, जशीच्या तशी. हाताला वाक्यांची चाल परत सापडते आणि जिथे खोटं लिहिलंय तिथे हात आपोआप अडतो, तिथे खूण करून पुढे जा. मला बाळंतपणानंतर सात महिन्यांनी असंच सापडलं होतं. दुसरी कथा एवढ्यात नको गं, तीही पंधराव्या पानावर अडली तर?

लेकीचा_बाबा
मी मालिकांचे संवाद लिहितो त्यामुळे मूड लागायची वाट बघणं परवडतच नाही. पोरं शाळेत गेली की पहिला दीड तास फक्त कथा, भाषांतराचं काम, बिलं, डबे सगळं त्यानंतर, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. अर्धं पान झालं तरी चालेल पण रोज. आणि प्रवासातलं जे डोक्यात घोळतंय ना, काजवे, फेरीबोट वगैरे, ते वेगळ्या वहीत उतरवून टाका, नाहीतर ते कथेत घुसायला बघतं.

जुना_मुद्रितशोधक
ताई, मी बरीच वर्षं दिवाळी अंकांची मुद्रितं (प्रूफं) तपासली आहेत, म्हणून व्यवहाराचं तेवढं सांगतो. जुलैअखेरची तारीख उगाच नसते. कथा आली की संपादकांचं वाचन, चित्रकाराकडे रवानगी, अक्षरजुळणी, दोन वेळा मुद्रितं, आणि गणपतीच्या दिवसांत सगळीच कामं रेंगाळतात. दिवाळीच्या आधी अंक वाचकांच्या हातात पडायचा तर मागून फार जागा उरत नाही. तरीही आजच संपादकांना फोन करा. 'कथा चालू आहे, आठवडाभर जास्त लागेल' असं जूनमध्ये सांगणाऱ्या लेखकाला कुणी नाही म्हणत नाही. अडचण होते ती ३१ जुलैला फोन बंद ठेवणाऱ्यांची. अगदीच वाटलं तर कथेचा गाभा चार ओळींत कळवा म्हणजे चित्रकाराला विचार सुरू करता येतो.

माहेरची_वाट
लेकीच्या बाबांचं मला नाही पटलं. प्रवासातलं वेगळ्या वहीत का? रानकाजवा, एक विचारते, तुझ्या कथेतली आजी १४ पानांत काय काय करते?

रानकाजवा
@माहेरची_वाट बसते. म्हणजे खरंच, आत्ता परत चाळून बघितलं, ती खिडकीशी बसते, गावाकडचं आठवते, सुनेला हाक मारते.

आणि हे लिहिताना आठवलं ते सांगते. कळसूबाईला एका शिडीच्या खाली दम घ्यायला थांबलो होतो, अजून अंधार होता, तेव्हा आई (सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो) पोरांना सांगत होत्या की लहानपणी गावात कुणाची कळशी आडात पडली की त्यांनाच बोलवायचे, आडाच्या आतल्या खोबणींत पाय रोवून त्या खाली उतरायच्या आणि कळशी दोराला बांधून द्यायच्या. लग्न ठरल्यावर बंद झालं. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, नवरा तर त्यांच्या पोटचा, आम्हा दोघांनाही हे माहीत नव्हतं! मी तेव्हा पाण्याची बाटली शोधत होते, ऐकलं आणि सोडून दिलं. आता ती खिडकीशी बसलेली आजी मला लिहवत नाहीये यात नवल काय.

शाईची_दौत
अगं बाई. अंगावर काटा आला.

माहेरची_वाट
हेच विचारत होते. पण आईंना आधी सांग हं, त्यांचा आड आहे तो.

रानकाजवा
दोन दिवसांनी लिहितेय. दादा, संपादकांना फोन केला, १० ऑगस्टपर्यंत वेळ मिळाला, मनापासून आभार. पहिली सहा पानं हाताने उतरवली, त्यातली चार राहतील, बाकीची आठ काढून टाकली. आईंना विचारलं तर म्हणाल्या, लिही की, पण कळशी पितळेची होती, तांब्याची लिहू नकोस. मग दुपारभर भाजी निवडत त्यांनी आडाच्या खोबणी कशा असायच्या, उतरताना पाठ कुठे टेकवायची, खाली पाणी किती गार लागायचं हे सगळं सांगितलं आणि मी वही घेऊन समोर बसले. आज सकाळी व्हॅन गेल्यावर पाचवं पान सुरू केलंय.