ग्रँड स्ट्रॅटेजी गेममध्ये नकाशा केवढा असावा हे खेळाडूला ठरवता यायला नको का?

ऐरोलीकर:
युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ हा शतकानुशतकं राज्य चालवायचा ग्रँड स्ट्रॅटेजी गेम मी कायम दख्खनमधूनच खेळतो. १४४४ ला सुरुवात, बहामनी नाहीतर विजयनगर. स्वीडन-डेन्मार्कच्या भांडणाशी माझं काहीही देणंघेणं नाही, तरी माझ्या लॅपटॉपला ते दर महिन्याला सोडवत बसावं लागतं. एक तारीख आली की गेम अडखळतो. सतराव्या शतकात पोचेपर्यंत तर पाचव्या, म्हणजे सगळ्यात जास्त स्पीडवरही वर्ष सरता सरत नाही. नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊन उपयोग नाही, कारण सगळा भार प्रोसेसरवर आहे.

सिव्हिलायझेशन ६ या दुसऱ्या गेममध्ये सुरुवातीलाच नकाशाचा आकार विचारतात. ड्युएल म्हणजे ४४ बाय २६ षटकोन, ह्यूज म्हणजे १०६ बाय ६६. मग इथे 'पूर्ण जग', 'आशिया', 'हिंदुस्थान आणि हिंदी महासागर', 'फक्त दख्खन' असे चार पर्याय का नसावेत?

आणि मला नुसता वेग नकोय. वाचलेली ताकद बारकाव्यात लावा! १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, तेव्हा पोर्तुगीजांचं बांधकाम अजून चालूच होतं. ठाणं पडलं म्हणून साष्टी हाती आली, आणि साष्टी हाती आली म्हणून चिमाजी अप्पांना १७३९ मध्ये वसईचा गळा आवळता आला. तो किल्ला आज ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे, स्टेशनहून चालत जाता येतं. ही एवढी मोठी मोहीम, दोन खाड्या आणि मधलं बेट, जगाच्या नकाशावर एखाद-दुसऱ्या प्रांतात संपून जाते. हे मला खरंच लागतं.

कासारवडवली_मॉडर:
दादा, सिव्हचा नकाशा दर वेळी नवा तयार होतो, म्हणून तिथे आकार बदलणं सोपं. इथला हाताने काढलेला आहे. प्रोव्हिन्सेस.बीएमपी नावाचं ५६३२ बाय २०४८ पिक्सेलचं एकच चित्र. प्रत्येक प्रांताला स्वतःचा रंग, आणि कोणता रंग म्हणजे कितव्या नंबरचा प्रांत ते डेफिनिशन.सीएसव्ही मध्ये. चित्र कापलंत की शहरं, बंदरं, सैन्य उभं राहण्याच्या जागा, सगळं सरकतं.

माझ्या मॉडमध्ये, म्हणजे गेमच्या फाइल्स बदलून केलेल्या आवृत्तीत, मी चित्राला हातच लावला नाही. नको असलेले प्रांत क्लायमेट.टीएक्सटी मध्ये 'इम्पासेबल'च्या (जिथून कोणी जाऊ शकत नाही अशा) यादीत टाकले आणि हिस्टरी फोल्डरमधून तिथली राज्यं काढली. नकाशा दिसतो तेवढाच, पण विचार करणारी राज्यं कमी झाली की महिन्याचा हिशेब भराभर उरकतो.

खरी डोकेदुखी व्यापाराची. या गेममध्ये पैसा एकाच दिशेने वाहतो आणि शेवटी व्हेनिस, जेनोवा किंवा इंग्लिश चॅनलला जाऊन थांबतो. युरोप काढला की त्या प्रवाहाला तोंडच उरत नाही. म्हणून मी इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझला शेवटचं केंद्र केलं. झालं काय, होर्मुझवर जो बसेल तो गब्बर! गुजरातचा सुलतान सगळं सोडून तिकडेच आरमार पाठवायला लागला.

वाशीचा_वाचक:
तुमच्या होर्मुझमध्येच मला उत्तर दिसतंय. दख्खनच्या फौजांना चांगला घोडा समुद्रापलीकडून यायचा, अरबस्तान आणि इराणातून, चौल, दाभोळ, गोव्याला उतरायचा. गोवा हातात असणं म्हणजे घोडा हातात असणं, आणि विजयनगर-बहामनी झगड्यात याला फार किंमत होती. पुढे १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर घोड्यांसाठी त्यांच्याशी जमवून घेणं भाग पडलं. 'फक्त दख्खन' हा पर्याय दिला तर घोडा कुठून येणार? १४९८ चा वास्को द गामा कुठून येणार? १५२६ चा बाबर?

म्हणून आकार निवडू द्यावा, पण कड बंद नसावी. हे आधी करून झालेलं आहे. एम्पायर टोटल वॉर, २००९ चा. त्यात युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान असे तीन वेगळे नकाशे आहेत, समुद्राच्या कडेवरून जहाज एका नकाशातून निघतं आणि दुसऱ्यात उगवतं. मराठेही खेळायला मिळतात. क्रुसेडर किंग्ज २ मध्ये २०१७ च्या जेड ड्रॅगनने चीन नकाशाबाहेरच ठेवला, पण त्याची मर्जी राखता येते, नजराणा पाठवता येतो, आणि तो रागावला तर फौजही येते. पोर्तुगाल असा नकाशाबाहेर बसवता येईल. लिस्बनचे रस्ते आखायची गरज नाही, दरवर्षी किती गलबतं केप (आफ्रिकेचं दक्षिण टोक) ओलांडून येतात एवढंच ठरवायचं.

भिवंडीवाला०७:
माझं मत उलट आहे. २०२५ मध्ये क्रुसेडर किंग्ज ३ चा नकाशा चीन-जपानपर्यंत गेला तेव्हा मला आनंद झाला. कोकणात बसून पार तिकडे काय चाललंय ते बघण्यातच मजा आहे. शिवाय चार आकार म्हणजे चार वेळा समतोल साधायचा, आणि त्यात मूळ खेळच कच्चा राहायचा. आकार मॉडवाल्यांवर सोडा.

ऐरोलीकर:
भिवंडीवाले, तुमचं पूर्ण जग कोणी काढून घेत नाहीये, पहिला पर्याय तोच आहे. चारही आकारांचा समतोल जमणार नसेल तर दोनच द्या. मॉडवर सोडलं तर कंपनीच्या प्रत्येक अपडेटला बिचाऱ्या मॉडरने पुन्हा सगळं जुळवायचं, हे मला पटत नाही.

वाशीकर, कडेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. 'फक्त दख्खन' मी मागे घेतो, 'हिंदी महासागर' ठेवतो आणि लिस्बन कडेबाहेर. एक मात्र हवंच. नकाशाबाहेरची सत्ता दमली पाहिजे. वसईला वेढा पडला तेव्हा मदत वेळेवर आणि पुरेशी पोचली नाही, हे गेममध्ये जाणवलं पाहिजे. नाहीतर कडेवरून फुकटची गलबतं येतच राहतील.

मॉडर, तुमची फाईल इथे टाकाल का? वसईची खाडी ते ठाण्याची खाडी, मधली साष्टी, हा तुकडा मी रंगवून देतो. साष्टी, ठाणं, वसई, कल्याण वेगळे प्रांत. नंबर कुठून पुढचे मोकळे आहेत तेवढं सांगा.

कासारवडवली_मॉडर:
रात्री टाकते. रंग निवडताना डेफिनिशन.सीएसव्ही मध्ये आधी शोधून बघा, तोच रंग दुसऱ्या प्रांताला असेल तर दोन्ही एक होतात. आणि ब्रशला अँटिअलियासिंग (कडा मऊ करणारी सोय) बंद ठेवा, कडेचा एक पुसट पिक्सेलही गेमला वेगळा रंग वाटतो.