जुन्या गेममधली ती अस्वस्थता इम्युलेटरवर हरवली, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्लेस्टेशन १ च्या इम्युलेशनमधल्या, म्हणजे त्या जुन्या मशीनचे गेम कॉम्प्युटरवर चालवण्यातल्या, जाणकारांची मदत हवी आहे. बऱ्याच वर्षांनी 'सायलेंट हिल' (१९९९) पुन्हा खेळायला घेतला. मूळ डिस्क माझ्याकडे आहे, तीच डकस्टेशन या इम्युलेटरवर चालवतोय. पहिल्या दिवशी हौसेने चित्र सुधारणारी सगळी सेटिंग्ज वाढवून ठेवली: इंटर्नल रिझोल्यूशन ८ पट, पीजीएक्सपी चालू, ट्रू कलर चालू, टेक्श्चर (भिंती-जमिनीवर चढवलेली चित्रं) गुळगुळीत करणारं फिल्टरिंग चालू, वर वाइडस्क्रीन. चित्र काचेसारखं स्वच्छ झालं आणि गेममधला जीवच गेला.

सुरुवातीची गल्ली आठवत असेल. गेमचा नायक हॅरी आपल्या मुलीच्या मागे धुक्यातून धावत गल्लीत शिरतो, कॅमेरा वाकडातिकडा होत जातो आणि अंधारून येतं. पूर्वी तिथे पावलागणिक भिंती किंचित थरथरायच्या, श्वास घेतल्यासारख्या. काळ्या भागात बारीक ठिपके वळवळायचे आणि त्यांत कोणीतरी उभं आहे असं वाटत राहायचं. आता तिथे गुळगुळीत काळोख आहे. त्यात काही नाही हे डोळ्यांना लगेच कळतं.

माझी आठवणच फुगलीय का, अशी शंका आली म्हणून भाच्याला खेळायला बसवलं. त्याने हा गेम कधी पाहिलेला नाही. गल्ली पार करून म्हणाला, "मामा, इथे सगळं रिकामंच आहे की." पण त्याने पाहिलं ते माझं धुऊनपुसून ठेवलेलं चित्र.

तर नेमकं काय बंद करू? सगळंच मागे नेलं तर एलसीडीवर ते नुसतं ओबडधोबड दिसेल अशी भीती आहे.

आणखी एक. 'सुपर मारियो ६४' (१९९६) मधली वेट-ड्राय वर्ल्ड ही पातळी कोणाला अशीच खिन्न करते का? भिंतीवरच्या चित्रात उडी मारून आत शिरायचं; जितक्या उंचावरून उडी माराल तितकं आत पाणी. पलीकडे गेलं की एक अख्खं गाव लागतं, घरं आहेत, माणूस एकही नाही. इतक्या आनंदी गेममध्ये हे कुठून आलं?

प्रतिसाद १

आधी पीजीएक्सपी बंद करा, तुमची थरथर तिथेच गेलीय. प्लेस्टेशनमध्ये आकृतीच्या कोपऱ्यांची पडद्यावरची जागा पूर्णांकातच निघते. त्यामुळे कोपरा हळूच सरकत नाही, एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर टुणकन उडी मारतो. शिवाय भिंतीवरचं टेक्श्चर लांबी-खोलीचा हिशेब न करताच ताणलं जातं, म्हणून ते वाकतं. पीजीएक्सपी या दोन्ही गोष्टी दुरुस्त करतं. तुम्हाला त्या दुरुस्त नकोच आहेत.

मग ट्रू कलर बंद. मूळ चित्र १५ बिट रंगांत बसवताना मशीन ठिपके पेरतं, तेच तुमचे वळवळणारे ठिपके. रिझोल्यूशन १ पट, फिल्टरिंग बंद, आकार ४:३. वाइडस्क्रीन मुद्दाम घालवा, त्यात कडेच्या भिंती कधी असतात कधी नसतात. ओबडधोबडपणासाठी सीआरटी शेडर, म्हणजे चित्र जुन्या ट्यूबच्या टीव्हीसारखं दाखवणारा फिल्टर, लावा. जुन्या ट्यूबवर आणि कंपोझिट केबलवर ते ठिपके एकमेकांत मिसळायचे, ते काम शेडर बऱ्यापैकी करतो. पडद्याचा फुगवटा मात्र कमी ठेवा, नाहीतर लक्ष गल्लीऐवजी काचेकडे जातं.

आणि आठवण फुगलीय असं मानू नका. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू मरत जातात तसे उरलेले वेगाने येतात, कारण प्रोसेसरला काढायला कमी आकृत्या उरतात. छातीत होणारी ती धडधड हार्डवेअरमधूनच आली होती.

प्रतिसाद २

मारियोवाल्या गावाला सेटिंगचा उपाय नाही. निंटेंडो ६४ ची टेक्श्चर मेमरी ४ केबी, म्हणून छोटी चित्रं ताणून पुसट केलेली असतात. पण मला वाटतं, खरं कारण तो पुसटपणा नाहीच. घर काढलं की आपलं मन त्यात राहणारं माणूस शोधतं. तिथे घरं फक्त चढायला ठेवलीत, आणि आपण माणसं शोधत फिरतो. मीही ते पाणी उतरवून कितीदा नुसता उभा राहिलोय.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री सांगितलं तसं सगळं लावलं. भिंती हलायला लागल्या! गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर मलाच पुढे जाववेना. भाच्याला पुन्हा बसवलं. रस्ता त्याला माहीत होता, तरी मध्येच थांबला, पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत हळूच म्हणाला, "तिथे काही आहे का?" तिथे ठिपक्यांशिवाय काही नव्हतं. मी त्याला सांगितलं नाही.

माणूस शोधण्याचा मुद्दा पटला. मारियो आता त्या नजरेने पुन्हा खेळेन.

एक अडचण उरलीय. शेडर लावल्यापासून अंधारातले प्रसंग फारच काळे पडतात, दारं सापडत नाहीत. ब्राइटनेस शेडरमध्येच वाढवू की मॉनिटरचा? ठिपके पुसट व्हायला नकोत.