थारच्या पोटाखाली रंगीत दिवे लावावेत का?

धागाकर्ता
माझ्याकडे महिंद्राची २०२१ सालची फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी थार जीप आहे. तिच्या चाकांच्या कमानींत आणि चासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) कडेने आठ छोटे एलईडी दिवे बसवावेत असा माझा विचार आहे. ऑफ-रोडिंग करणारे त्यांना ‘रॉक लाइट’ म्हणतात. रात्री दगडधोंड्यांतून गाडी इंच-इंच पुढे काढताना कोणते चाक कोणत्या दगडावर चढते आहे, हे खाली उभे राहून वाट दाखवणाऱ्या सोबत्याला दिसावे, हे त्यांचे मूळ काम. मला मात्र मोबाइलवरून रंग बदलणारा संच घ्यायचा आहे, कारण तो दिसतो सुंदर आणि गाडी ही माझी मनापासूनची हौस आहे. हा प्रकाश कोणाच्या डोळ्यांत न जाता जमिनीवर पडतो. मग त्याला विरोध का असावा?

काळा कोट
विरोधाचे पहिले कारण कायदा हेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०८ प्रमाणे वाहनाच्या पुढच्या बाजूस लाल, आणि मागच्या बाजूस लालखेरीज इतर रंगाचा प्रकाश दिसता कामा नये. रिव्हर्सचा दिवा, नंबरप्लेटचा दिवा, इंडिकेटर असे मोजके अपवाद तेवढे आहेत. रंग बदलणारा संच चालू ठेवून आपण रस्त्यावर आलात, तर कोणत्या ना कोणत्या क्षणी हा नियम मोडणारच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यातील कलम १८२अ खाली नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेसुद्धा लाल दिवे उतरले. लाल-निळ्या प्रकाशाला लोकांनी वाट करून द्यावी अशी अपेक्षा असेल, तर तो रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस यांच्यापुरताच राहिला पाहिजे.

चिखलवाट
वरील प्रतिसादाशी मी असहमत आहे. ते म्हणतात तो प्रश्न रस्त्यावर दिवे चालू ठेवण्याचा आहे. खाजगी जागेतल्या ट्रॅकवर ते लावले तर कोणाचे काय बिघडते? रात्री चढावर हेडलाइट समोरचे झाड दाखवतात, पण पुढच्या चाकाखालचा दगड दाखवत नाहीत. थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचे पोट यांतले अंतर, २२६ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर आहे, आणि त्या वीतभर जागेत काय आहे हे न दिसल्यामुळे मी एकदा टायरची बाजू फाडून घेतली आहे. हे दिवे बसवल्यापासून सोबत्याला टॉर्च धरून चाकापाशी वाकावे लागत नाही. घसरणाऱ्या गाडीजवळ माणूस वाकलेला नसणे, ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे.

वायरिंगवाला
मी दिव्यांच्या बाजूने किंवा विरोधात बोलत नाही. ते कसे बसवले जातात याविषयी बोलतो, कारण दुखणे तिथेच असते. सहा वॉटचे आठ दिवे म्हणजे ४८ वॉट, अर्थात १२ व्होल्टवर चार अँपिअर. त्यासाठी बॅटरीपासून स्वतंत्र वायर, बॅटरीजवळच साडेसात अँपिअरचा फ्यूज आणि रिले (छोट्या स्विचने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा भाग) हवा. पार्किंग लाइटची वायर सोलून त्यात जोड मारणे म्हणजे गाडीच्या मूळ हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) हात लावणे, आणि मग वॉरंटीच्या वेळी वाद ठरलेला. वायर सायलेन्सरपासून दूर न्यावी आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाची धार झाकणारे कडे) बसवावे. आयपी ६७ असा जलरोधकतेचा दर्जा लिहिलेला दिवा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो हे खरे, पण आपण टेप गुंडाळून केलेला जोड टिकत नाही. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने तो पहिल्याच धुण्यात उघडतो. मी पाहिलेल्या एका गाडीत असाच जोड आतून सडला होता, आणि फ्यूज नसल्यामुळे वायर हातभर जळत गेली होती.

काजवा
धागाकर्त्यांचे ‘प्रकाश जमिनीवर पडतो’ हे वाक्य मला फार खुपले. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत हिरडा, बेहडा, सादडा यांसारखी झाडे काजव्यांनी लखलखतात, आणि ते पाहायला रात्री गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्याची ती उघडझाप हे नराने मादीला केलेले आवाहन असते. अनेक जातींत मादी खाली गवतात किंवा पानावर बसून उत्तर देते. अळ्या तर ओल्या मातीतच गोगलगायी खाऊन वाढतात. म्हणजे ज्या जमिनीला तुम्ही रिकामी समजता, तिथेच हे सारे चाललेले असते. तिच्यावर आठ दिव्यांचा झोत पडला की तो इवलासा हिरवट संकेत दिसेनासा होतो, आणि वर्षातले दोन-तीन आठवडेच मिळणाऱ्या त्या जिवांची रात्र वाया जाते.

चिखलवाट
हेडलाइटने होणारे नुकसान याहून मोठे आहे. बंदी घालायचीच तर अभयारण्यात रात्री गाड्या नेण्यावर घाला. दिव्यांना का झोडपता?

काजवा
गाड्यांवरच्या बंदीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण हेडलाइट वाट दिसण्यासाठी लागतो. शोभेच्या दिव्याला तेवढेही कारण नाही.

धागाकर्ता
रंग बदलणारा संच घेण्याचा विचार मी सोडला आहे. एकाच पिवळसर रंगाचे चार दिवे चाकांपाशी बसवीन. शोभेला काहीच किंमत नाही हे मात्र मला अजूनही पटलेले नाही. रस्त्यावर ते चुकूनही लागू नयेत यासाठी काही युक्ती आहे का?

वायरिंगवाला
आहे. ट्रान्सफर केसच्या (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) दांडीपाशी वेगळा प्लंजर स्विच, म्हणजे दांडीने दाबला जाणारा खटका बसवा, म्हणजे गाडी फोर-लोमध्ये, अर्थात चारही चाकांच्या संथ पण जोरदार गिअरमध्ये असेल तेव्हाच रिलेला वीज मिळेल. डांबरी रस्त्यावर फोर-लो कोणी लावत नाही, त्यामुळे तिथे दिवे लागणार नाहीत.

काजवा
पण फोर-लो जंगलातही लागतो.