जुन्या ऑडी टीटीचा मागचा स्पॉयलर काढू का?

इंगोलश्टाटकर:
१९९९ची ऑडी टीटी कूपे घ्यायच्या बेतात आहे. कंपनीने नंतर बसवून दिलेला छोटा स्पॉयलर, म्हणजे हवेचा प्रवाह बदलणारी पट्टी, डिकीच्या झाकणावर आहे. मला मात्र मूळची, गोल पाठीची गाडीच आवडते. शाळेत असताना माझ्या भिंतीवर तिचंच चित्र होतं. स्पॉयलर काढून भोकं बुजवून रंग मारून घ्यावा असं मनात आहे. ऑटोबानवर (जर्मन महामार्गावर) मोकळा रस्ता मिळाला की १८०-२००ने जातो. एवढ्याशा पट्टीने खरंच फरक पडतो का?

धुराची रेघ:
काढू नकोस, हात जोडून सांगतो. मी विंड टनेलमध्ये, म्हणजे गाडीवर वारा सोडून तपासतात तिथे, काम करतो. गोल पाठीच्या गाडीवर धूर सोडला की रेघ काचेला चिकटून डिकीवरून खाली वळताना दिसते. वाटतं, किती सुरेख! पण हवा जिथे अशी वळते तिथेच दाब घटतो आणि गाडीचा मागचा भाग वर ओढला जातो. पट्टीच्या कडेशी हवा सुटते आणि तिच्या पुढे डिकीवर दाब वाढतो. काम एवढंच, पण मोलाचं.

हिशोबापुरता मागच्या उचलीचा गुणांक ०.२ आणि समोरचं क्षेत्रफळ २ चौरस मीटर धर. १००च्या वेगाला उचल साधारण १९ किलो, २००ला ७५. वेग दुप्पट, उचल चौपट. गाडी उडत नाही, मागच्या टायरांची पकड कमी होते. अशात वळणावर कुणी आडवं आलं, तू दचकून ॲक्सिलरेटर सोडलास, की वजन पुढे सरकतं, मागचं आणखी हलकं होतं आणि शेपूट सुटते. जर्मनीत याच गाडीत वेगात असताना असे अपघात झाले, माणसं गेली. म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावून स्पॉयलर लावला, सस्पेन्शन बदललं. नव्या गाड्यांत ईएसपीही आलं, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा. ती पट्टी शोभेची नाही रे.

हायवेवाली:
मागचे टायर किती जुने आहेत ते बघ. टायरच्या बाजूवरच्या तारखेच्या चार आकड्यांतले शेवटचे दोन आकडे म्हणजे बनवल्याचं वर्ष. आणि ईएसपी आहे का, हे मालकाला स्पष्ट विचार. पट्टी काढायचीच असेल तर आधी ट्यूफला (गाड्यांची तपासणी करणाऱ्या जर्मन संस्थेला) विचार.

इंगोलश्टाटकर:
आजच विचारलं. ईएसपी नाही. मागचे टायर नऊ वर्षांचे, बाहेरून अगदी नवे दिसत होते! या गाडीला नाही म्हणून कळवलंय. शनिवारी नॉयबुर्गला २००१ची बघायला जातोय, पट्टी आणि ईएसपी दोन्ही असलेली. दादा, गाडीखाली सस्पेन्शनचं काय काय बघू?