पडका मठ बघायला जाताना: गुडघे, दशम्या आणि पाऊस

मोगरा
काल भाचीचा फोन. जूनमध्ये सासू-सासरे लीड्सला येतायत, एक दिवस तिथून जवळच्या फाउंटन्स ॲबी या पडक्या मठात न्यावं म्हणते. मावशी, तू आजी-आजोबांना नेलं होतंस ना, कसं जमवलंस? फोन ठेवला आणि सगळं डोळ्यांपुढे आलं, म्हणून हा धागा. तुमचेही अनुभव लिहा.

मी तेव्हा चक्क एक वही केली होती. आईचे गुडघे, बाबांची शुगर, बाथरूम कुठे कुठे, पाऊस आला तर काय. मठाजवळचं गाव रिपन, तिथे रेल्वे नाही (स्टेशन १९६७ मध्येच बंद झालं), म्हणून लीड्सहून ३६ नंबरची बस आणि पुढे टॅक्सी. टॅक्सीवाल्याने वर व्हिजिटर सेंटरपाशी सोडलं. मठ खाली, स्केल नदीच्या दरीत. उतरताना मजा वाटली, परत चढताना आईचा चेहरा बघवेना. भाचीला पहिलं हेच सांगितलं, वेस्ट गेटने जा, तिथून मठ जवळ आणि चढ कमी.

इतिहास मी रात्री जागून घोकला होता. ११३२ साली यॉर्कच्या मठात भांडण होऊन बाहेर पडलेले १३ साधू, पुढे मेंढ्यांच्या लोकरीवर गब्बर झालेला मठ, १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या हुकमाने लागलेलं कुलूप. आई नुसतं "हं, हं" करत होती. मग त्या कमानींच्या लांबलचक दालनात शिरलो. तीनेकशे फूट असेल. आई थबकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "इथे पंगती बसत असणार."

आणि खरंच की! शेतीची, मेंढ्यांची कष्टाची कामं करणारे ब्रदर याच दालनाच्या एका भागात जेवायचे, वरच्या मजल्यावर झोपायचे. मी घोकलेल्यात हे नव्हतं. बाबा लगेच एका ओळीला किती पानं, हा हिशोब करायला लागले.

वही अजून आहे. पंगतीचं त्यात अक्षर नाही.

चिंचगूळ
घाईत "पडका मठ्ठा" वाचलं. इकडे ४१ डिग्री आहे, समजून घ्या.

रानभैरी
व्हिटबी ॲबी, समुद्रकाठच्या कड्यावरची!! १९९ पायऱ्या. सासूबाई जेजुरीवाल्या, त्यामुळे "एवढंच?" म्हणत भराभरा चढल्या, मी मागे कुत्र्यासारखी धापा टाकत. वर गेल्यावर कळलं की कड्यावर गाडी लावायला जागा आहे. नवऱ्याने हे वाचलेलं होतं, सांगितलं नव्हतं. आणि वारा असा की साडी नेसून अजिबात जाऊ नये. सासूबाईंनी वरून स्वेटर, त्यावर माझा रेनकोट, डोक्याला मफलर असा अवतार केला, फोटो अजून फॅमिली ग्रुपवर फिरतो.

थालीपीठ सीगलने नेलं. हातातून.

बापूसाहेब
@रानभैरी सीगलला तिखट लागलं नाही का?

रानभैरी
@बापूसाहेब दुसरं न्यायला परत आला होता 😄

कोपऱ्यावरचा
तिकिटाचं बघून घ्या. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या दोन वेगळ्या संस्था आहेत: फाउंटन्स नॅशनल ट्रस्टकडे, व्हिटबी आणि रिव्हो या ॲबी इंग्लिश हेरिटेजकडे. मी ट्रस्टचं कार्ड ऐटीत काढून व्हिटबीच्या खिडकीवर दाखवलं. पोरांसमोर पोपट. चौघांची तिकिटं काढली मुकाट्याने.

सुगरण_नाही
आई-बाबांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स कुठून काढलात कुणी? आईला बीपी आहे. विषयांतराबद्दल सॉरी.

मोगरा
@सुगरण_नाही व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

निमूट
आम्ही टिंटर्न ॲबीला, वेल्समध्ये. दिवसभर धो धो. चर्चच्या भिंती, खिडक्यांच्या कमानी सगळं उभं, वर मात्र आभाळ. माझी आई मधोमध छत्री उघडून उभी. म्हणाली, देवाच्या घरात छत्री उघडायची वेळ पहिल्यांदाच आली. पाय ओले, मोजे ओले. तरी तासभर हलेना तिथून.

चिंचगूळ
छपरं कोसळली कशी सगळ्यांची? भूकंप?

बापूसाहेब
कसला भूकंप, शिसं! छपरावर शिशाचे पत्रे असत. मठ बंद केले की आधी ते उतरवून वितळवायचे. छप्पर गेलं की बाकीचं काम पाऊस करतो, आणि उरलेला दगड गावकरी. फाउंटन्सच्या दगडांतून तर शेजारी आख्खा वाडा उभा राहिला, फाउंटन्स हॉल. आपल्याकडे किल्ल्यांचे चिरे घरांच्या जोत्यात सापडतात, तसंच.

माशेलकरीण
इतकं लांब कशाला, जुन्या गोव्यात या. सेंट ऑगस्टिनचा मनोरा बघा, ४६ मीटरचा होता, आता अर्धाच उरलाय. १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचं छत खाली आलं. तिथली घंटा पणजीच्या चर्चमध्ये टांगलीय, झिगझॅग पायऱ्यांच्या. जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी याच ढिगाऱ्यात मिळाल्या, २०२१ मध्ये त्यांतला एक भाग त्यांच्या देशाला दिला. मुंबईचे पाहुणे आले की मी नेते, आणि ते पाच मिनिटांत "मासे कुठे चांगले मिळतील" विचारतात. मे महिन्यात दुपारी येऊ नका, सावलीचा पत्ता नाही.

रानभैरी
@माशेलकरीण मग, कुठे चांगले मिळतात?

माशेलकरीण
माझ्या घरी 😊 पण सोमवारी नाही.

वसईकर७२
घंटांवरून आठवलं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच म्हणतात, मेणवलीचीही. आम्ही शाळा बुडवून वसई किल्ल्यातल्या एका पडक्या चर्चमध्ये क्रिकेट खेळायचो. आल्टर म्हणजे सिक्सर. लाज वाटते आता.

निमूट
@मोगरा, आई आता कशा आहेत?

मोगरा
@निमूट गेली. तीन वर्षं झाली. म्हणून तर भाचीचा फोन आला आणि वही काढून बसले.

निमूट
अरेरे. सॉरी गं.

बापूसाहेब
🙏

सुगरण_नाही
व्यनि मिळाला, थँक्यू मोगराताई. आणि शीर्षकात दशम्या आहेत, पण खाल्ल्या कुणी ते आलंच नाही.

मोगरा
अगं हो! परतीच्या बसमध्ये, रिपन ते हॅरोगेट. शेजारची गोरी आजी टक लावून बघत होती, आईने तिला अर्धी दिली. वर लसणीची चटणी ठेवायला निघाली होती, मी हात धरला.

सुगरण_नाही
दुधात भिजवता की पाण्यात? माझ्या दुसऱ्या दिवशी चामडं होतात.

वसईकर७२
दुधात. पाण्यात भिजवली तर ती पोळी.

मोगरा
दुधात, आणि मोहन कडकडीत. बाकी प्रमाण आईच्या अक्षरात त्याच वहीच्या मागच्या पानावर आहे, संध्याकाळी फोटो टाकते. आत्ता कुकर लावलाय.