स्कॉटलंडच्या आडवाटेच्या लॉखवर कनूनं चार दिवस : कुठे जावं?

सुरंगी :
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं सहा वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला आहोत. मे अखेरीस चार दिवसांची सुट्टी जुळून आली आहे. काठानं मोटारींचा रस्ता नसलेल्या एखाद्या स्कॉटिश लॉखवर (म्हणजे तिथल्या सरोवरावर) कनू, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी, घेऊन जायचं आहे, रात्री तंबूत राहायचं आहे. थेम्सवर तीन उन्हाळे वल्हवलंय, आणि लहानपणी दाभोळच्या खाडीत काकांच्या होडीतून हिंडलेय, म्हणून पाण्याची भीती नाही. पण एवढ्या मोठ्या, उघड्या पाण्यावर कधी गेलो नाही. लॉख मरी, लॉख शील आणि ग्रेट ग्लेन (लॉख नेससारखी लॉखं कालव्यानं जोडलेली लांब दरी) ही तीन नावं डोक्यात आहेत. परवानगी कुणाची घ्यायची? कनू भाड्याची असेल. ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर सांगा.

खंड्या :
परवानगीचं आधी सांगतो. थेम्सवर लायसन्स काढायची सवय असेल, तसं तिथे काही नाही. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्यामुळे बिनइंजिनाची होडी लॉखवर घालायला आणि काठावर एक-दोन रात्री तंबू ठोकायला कुणाला विचारावं लागत नाही. जबाबदारीनं वागायचं, एवढीच अट. लॉख लोमंडच्या नॅशनल पार्कात मात्र 1 मार्च ते 30 सप्टेंबर काही ठरावीक काठांवर तंबूसाठी परवाना लागतो.

ग्रेट ग्लेन या खेपेला नको. फोर्ट विल्यम ते इनव्हरनेस सुमारे 96 किलोमीटर, चार दिवसांत नुसती धावाधाव होईल. कालव्याचे दरवाजे आले की कनू उचलून पलीकडे न्यायची, आणि बराच पल्ला हमरस्त्याच्या सोबतीनं. लॉख नेस तर सरळसोट 37 किलोमीटरचा चर आहे. नैर्ऋत्येचा वारा त्यात शिरला की पलीकडच्या टोकाला समुद्रासारख्या लाटा उठतात.

तुम्ही लॉख शीलला जा. ग्लेनफिनन ते अ‍ॅखरॅकल साधारण 28 किलोमीटर, दोन्ही अंगांना डोंगर थेट पाण्यात उतरलेले. निघताना मागे 1901 मध्ये सुरू झालेला 21 कमानींचा रेल्वेपूल दिसतो, आणि एका वळणानंतर माणसाची खूणच उरत नाही. पूर्वेच्या काठानं जंगलखात्याचा कच्चा रस्ता आहे. त्यावर मोटारींची ये-जा नसते, पण अडलात तर चालत बाहेर पडता येतं. पहिल्या मोहिमेला हा आधार फार मोठा. दक्षिणेकडे लॉख अरुंद होतं तिथे एलियन फियानन हे हिरवं बेट आहे. त्यावर पडकं देऊळ आणि जुनी दफनभूमी आहे. उतरा, पण तंबू तिथे लावू नका. लोकांचे पूर्वज आहेत तिथे.

आता खरी गोष्ट, वारा. शील ईशान्य-नैर्ऋत्य पसरलेलं आहे आणि वारा बहुधा नैर्ऋत्येकडून, म्हणजे ग्लेनफिननहून निघालात की तो तोंडावर. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निघालो तेव्हा पाणी बिनदुधाच्या चहासारखं, तपकिरी आणि निवांत. साडेदहाला लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस आला. वल्हं उचललं की होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आडवी फिरायची. एका ओढ्याच्या तोंडाशी कशीबशी काठाला लागलो आणि संध्याकाळी सातपर्यंत तिथेच, भूर्जाच्या झाडांखाली ओल्या शेवाळावर बसून होतो. बायकोनं तीनदा पोहे केले. सातला वारा पडला. त्या दिवसांत उजेड रात्री दहापर्यंत असतो, म्हणून उरलेलं अंतर आरामात कापलं. तेव्हा चार दिवसांपैकी एक दिवस वाऱ्याला देऊन टाका.

सुरंगी :
मनापासून धन्यवाद! वारा किती असेल तर निघायचं नाही? आणि कनू उलटलीच तर?

खंड्या :
ताशी 20 किलोमीटरच्या वर अंदाज असेल तर नवख्यांनी काठ सोडू नये. वारा समोरून असेल तर सामान पुढे सरकवा, मागून असेल तर मागे. याच एका गोष्टीनं होडी निम्मी सरळ चालते. उलटण्याबद्दल स्पष्टच सांगतो : मे अखेरीसही पाणी इतकं गार असतं की पडल्याबरोबर धाप लागते, श्वास आवरत नाही. म्हणून लाइफ जॅकेट कायम अंगात आणि बंद केलेलं. पडलात तर होडी सोडू नका, श्वास ताब्यात येईपर्यंत फक्त धरून राहा. मधून शॉर्टकट मारायचा नाही, काठाकाठानंच जायचं. कोरडे कपडे झाकणाच्या निळ्या पिंपात, आणि पिंप होडीला बांधलेलं. भाड्याची कनू पाण्यात घालण्यापूर्वी स्वतः तपासा. आम्हाला मिळालेल्या होडीत (उलटली तरी तिला तरंगत ठेवणाऱ्या) हवेच्या पिशव्याच नव्हत्या, आणि ते आम्ही काठावर पोचल्यावर पाहिलं.

अबोली_उत्तर :
मी इनव्हरनेसला असते. खंड्या यांच्या म्हणण्याला दुजोरा. लॉख मरी अतिशय देखणं आहे, समोर स्लिओख डोंगर आणि बेटांवर जुने पाइन. पण मेमध्ये त्या बेटांवर काळ्या गळ्याचे डायव्हर पक्षी अंडी घालतात, म्हणून बेटं टाळावीत. आणि बेटांखेरीज मरी करण्यात निम्मी मजा जाते.

पुढच्या वर्षी एल्फिनहून लॉख व्हेयाटीला जा. ते संपलं की एका उथळ, खडकाळ प्रवाहातून कनू दोरीनं ओढत फिऑन लॉखमध्ये न्यायची. तिथे डोक्यावर सुलवेन डोंगर उभा असतो, 731 मीटर, पण पाण्यातून पाहताना दुप्पट वाटतो. त्यापुढे नदीला धबधबा आहे, म्हणून आल्या वाटेनंच परत.

मिजेस, म्हणजे चावऱ्या माश्या, मे अखेरीस सुरू होतात. चिलटाहून बारीक, पण ढगानं येतात. डोक्यावरची जाळी घ्याच. ताशी दहा-बारा किलोमीटर वारा असला तरी त्या उडत नाहीत, म्हणून तंबू आडोशाला न लावता पाण्यात घुसलेल्या उघड्या टोकावर लावा. शेकोटी नको, कोरड्या दिवसांत जमिनीतलं पीट (कुजलेल्या वनस्पतींचा थर) पेटतं. शौचाला पाण्यापासून किमान 30 मीटर दूर, खड्डा करून.

सुरंगी :
शील ठरलं! एकच शेवटचं : गाडी ग्लेनफिननला राहील, मग परत कसं यायचं?

खंड्या :
रस्त्यानं लॉखायलॉर्ट गावावरून पाऊण-एक तास लागतो. कनू देणाऱ्यालाच अ‍ॅखरॅकलहून आणायला सांगा, आणि बुकिंग करतानाच ठरवून घ्या. नाहीतर उलट करा : गाडी अ‍ॅखरॅकलला ठेवून तिथूनच निघा, नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घ्या आणि ग्लेनफिननला उतरा. निघायच्या आदल्या रात्री अंदाज बघा आणि मगच दिशा ठरवा. दोन्ही बाजूंनी नेणारा-आणणारा आधी बोलून ठेवलेला असला की झालं.