शब्दचर्चा: 'रिफ्यूज्ड', 'टाइम्ड आउट', 'नॉट फाउंड' सगळ्यालाच 'जोडणी अयशस्वी'?

नेटवर्क बॅकअप सॉफ्टवेअरचे एरर मेसेज मराठीत करतोय. आधी ज्यांनी काम केलंय त्यांनी क्लायंटशी (ज्या मशीनचा बॅकअप घ्यायचा त्याच्याशी) कनेक्ट न होण्याचे सगळे प्रकार 'जोडणी अयशस्वी' मध्ये बसवलेत. चालेल का हे? आणि क्लायंटला 'ग्राहक' म्हणायचं का?

—

अजिबात चालणार नाही. मेसेज वाचणारा माणूस रात्री फेल झालेला जॉब सकाळी बघत असतो, त्याला त्या शब्दावरूनच ठरवायचं असतं की आधी कुठे हात घालायचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे पॅकेट समोरच्या मशीनपर्यंत गेलं आणि तिकडून चक्क नकार आला, मशीन चालू आहे, रस्ता ठीक आहे, फक्त त्या पोर्टवर (मशीनच्या त्या नंबरच्या दारावर) कोणी ऐकत नाहीये, म्हणजे बहुतेक क्लायंटची सर्व्हिस बंद पडलीये. 'टाइम्ड आउट' म्हणजे काही उत्तरच आलं नाही, मशीन बंद असेल, आयपी बदलला असेल, नाहीतर मधल्या फायरवॉलने पॅकेट गुपचूप टाकून दिलं असेल. 'होस्ट नॉट फाउंड' मध्ये तर गाडी निघालीच नाही, नावावरून पत्ताच मिळाला नाही, तिथे डीएनएस (नावावरून आयपी पत्ता देणारी यंत्रणा) बघायचा. मी 'नकार आला', 'उत्तर आलं नाही', 'पत्ता सापडला नाही' असं लिहीन.

—

वरचं पटलं, एकच भर. फायरवॉल ड्रॉपऐवजी (म्हणजे पॅकेट गुपचूप टाकून देण्याऐवजी) रिजेक्टवर असेल तर तीही नकार पाठवू शकते, म्हणून 'क्लायंटने नकार दिला' असं लिहू नका, 'नकार आला' हेच बरोबर, कोणाकडून आला ते शोधायचं असतं. आणि पिंग होतंय म्हणजे सगळं ठीक असं धरून बसू नका, पिंग पोर्टबद्दल काहीच सांगत नाही. बॅकअप सर्व्हरवरूनच क्लायंटच्या पोर्टला टेलनेट मारून जोडता येतंय का ते बघा, विंडोजवर त्यासाठी टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड आहे. विंडोज क्लायंटचं नेटवर्क प्रोफाइल प्रायव्हेटचं पब्लिक झालं की फायरवॉल कडक होते आणि कालपर्यंत चालणारा बॅकअप आज टाइम आउट होऊ शकतो, हेही बघून घ्या.

—

'ग्राहक' नको, क्लायंटच ठेवा, पण त्या शब्दाने इथे फार गोंधळ होतो. वेबमध्ये क्लायंट स्वतः सर्व्हरकडे जातो. बॅकअपमध्ये ज्याचा डेटा उचलायचा तो क्लायंट, आणि बऱ्याचदा तोच पोर्ट उघडून बसलेला असतो, सर्व्हर त्याच्याकडे जातो. बाक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरचंच घ्या: डायरेक्टर (सगळे जॉब चालवणारा मुख्य प्रोग्राम) क्लायंटला पोर्ट ९१०२ वर जोडतो, मग एरवी क्लायंट स्वतः स्टोरेज डीमनकडे (बॅकअप साठवणाऱ्या प्रोग्रामकडे) ९१०३ वर जातो. आता कॉन्फिगमध्ये स्टोरेजचा पत्ता कोणी 'लोकलहोस्ट' (म्हणजे 'हेच मशीन') लिहून ठेवला असेल तर डायरेक्टर तोच पत्ता क्लायंटला देतो, क्लायंट आपल्याच मशीनवर ९१०३ शोधतो आणि तिथे कोणी नसल्यामुळे रिफ्यूज्ड येतं. हे जर 'क्लायंटशी जोडणी अयशस्वी' म्हणून छापलं तर बिचारा अॅडमिन क्लायंटचा ९१०२ तपासत बसेल आणि तो तर उघडाच आहे! म्हणून वाक्यात कोण, कोणाकडे, कुठल्या पोर्टवर हे तिन्ही आलंच पाहिजे: 'क्लायंट स्टोरेजकडे (लोकलहोस्ट, ९१०३) गेला, नकार आला'. लांब झालं तरी होऊ द्या.

—

नेटबॅकअप या दुसऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरचे ५८ आणि ५९ हे एरर कोडही एकत्र करू नका. ५८ म्हणजे क्लायंटला जोडताच आलं नाही, ५९ म्हणजे पोहोचलो पण क्लायंटने आत घेतलं नाही. त्याच्या यादीत त्या सर्व्हरचं नाव नसतं, किंवा आयपीवरून उलटं नाव काढल्यावर वेगळंच नाव येतं. याला 'प्रवेश नाकारला' म्हणाल तर वरच्या 'नकार आला'शी घोळ होईल, मला 'सर्व्हरची ओळख पटली नाही' बरं वाटतं.

—

'ओळख पटली नाही' पासवर्ड चुकल्यावरही वापरतात ना? ५९ साठी 'या सर्व्हरला परवानगी नाही' करा, म्हणजे वाचणारा थेट क्लायंटवरची सर्व्हर लिस्ट उघडेल.